एलिझाबेथच्या राज्यातील विद्या आणि फुरसत

इ. स. १५६३ साली लंडन शहरात प्लेगच्या साथीने हाहाकार उडविला, तेव्हा राणी एलिझाबेथने आपला दरबार विंडसरच्या किल्ल्यात हलविला. आणि त्या वर्षीच्या १० डिसेंबरला, राज्याचा मुख्य सचिव सर विल्यम सेसिल याच्या दालनात दरबारची काही वजनदार मंडळी भोजनास बसली असता, राज्यकारभाराचे सारे विषय बाजूस राहून शाळामास्तरांच्या छडीवर वाद सुरू झाला. जवळच्याच ईटनच्या शाळेतून माराच्या धास्तीने काही मुले पळून गेल्याची वार्ता सेसिलने सांगितली होती. छडीवाचून शाळेत शिस्त राहणे अशक्य, असा पक्ष सर विल्यम पीटरने घेतला. शाळा हे मुलाला खेळासारखे आनंदाचे स्थान वाटले पाहिजे, असे पंक्तीतल्याच वॉटन नावाच्या दरबाऱ्याने प्रतिपादिले. आणि राणीचा एके काळचा गुरू रॉजर अ‍ॅस्कम याने, मुले विद्येकडे माराने नव्हे तर मायेने लवकर वळतात, हे आपले आवडते मत तेथे आग्रहाने मांडले. पंक्तीत चकार शब्द न काढलेल्या सर रिचर्ड सॅकव्हिलने नंतर अ‍ॅस्कमला एकीकडे बोलावून सांगितले की, बालपणी एका मारकुट्या मास्तराने आपली विद्येची गोडी कायमची घालविली. आपल्या नातवाच्या वाट्याला तरी ते येऊ नये. या विनंतीतून जो ग्रंथ लिहिला गेला, तो ‘द स्कूलमास्टर’, अ‍ॅस्कमच्या मृत्यूनंतर १५७० साली त्याच्या विधवेने प्रसिद्ध केला, आणि इंग्रजी भाषेतील शिक्षणविषयक वाङ्मयात त्याला आजही मानाचे स्थान आहे.

त्याच १५६३ साली पार्लमेंटने एक कायदा केला. विंडसरच्या पंक्तीतील चर्चा जितकी प्रेमळ, तितकाच हा कायदा करडा होता. आणि एलिझाबेथच्या प्रजेपैकी फार मोठ्या भागाचे शिक्षण आणि फुरसत या दोहोंचे नियमन अ‍ॅस्कमच्या ग्रंथाने नव्हे, तर या कायद्याने केले. कारागिरांचा कायदा म्हणून तो ओळखला जातो. मार्चच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत मजुराने व कारागिराने पहाटे पाच वाजता वा त्याआधी कामावर हजर व्हावे आणि सायंकाळी सात ते आठच्या दरम्यान सुटावे. न्याहारी, जेवण, पेयपान व उन्हाळ्यातील दुपारची झोप धरून सारी मिळून अडीच तासांहून अधिक सुट्टी घेऊ नये. हिवाळ्यात उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम करावे. आणि जो गैरहजर राहील त्याच्या मजुरीतून दर तासाला एक पेनी कापून घ्यावी, अशी कलमे त्यात आहेत. ही एक पेनी वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण तिचा प्रसंग पुढे पुन्हा येणार आहे.

याच कायद्याने उमेदवारीची मुदत कमीत कमी सात वर्षे ठरविली, आणि शहरांत तर उमेदवार चोवीस वर्षांचा होईतो त्याची सुटका होऊ नये असा दंडक घातला. शिक्षण म्हणजे शाळा, असे समीकरण मनात धरून त्या काळाकडे पाहिले तर बहुसंख्य मुले अशिक्षित राहिली असे म्हणावे लागेल, पण ते यथार्थ होणार नाही. सुताराच्या, विणकराच्या, सोनाराच्या घरी सात वर्षे राहून, धन्याच्या पंक्तीस जेवून आणि त्याचीच बोलणी खाऊन जो मुलगा हातात कसब घेऊन बाहेर पडे, तो आपल्या परीने शिकलेलाच होता. मात्र या शिक्षणाचा करारनामा वाचला म्हणजे त्यात फुरसतीला कोठे जागा आहे याचा शोध घ्यावा लागतो. उमेदवाराने लग्न करू नये, गुत्त्यात जाऊ नये, फासे व पत्ते खेळू नयेत, धन्याच्या परवानगीवाचून रात्री घराबाहेर राहू नये. त्यातही वरच्या दर्जाच्या व्यापाऱ्याकडे उमेदवार म्हणून लागायचे, तर बापाच्या नावे ठरावीक उत्पन्नाची जमीन असली पाहिजे, अशी अट त्याच कायद्यात होती. म्हणजे कसबाच्या शाळेचेही दरवाजे वेगवेगळ्या उंचीचे होते.

फुरसतीचा बंदोबस्त करणारा दुसरा कायदा एलिझाबेथच्या बापाच्या, म्हणजे आठव्या हेन्रीच्या अमदानीतला, १५४१ सालचा. तो तिच्या काळातही अमलात होता. कारागीर, शेतमजूर, उमेदवार व नोकर यांना टेनिस, गोट्यांसारखा मैदानी ‘बोल्स’चा खेळ, फासे, पत्ते वगैरे सर्व खेळांची मनाई होती, सवलत एवढीच की, नाताळच्या दिवसांत धन्याच्या घरी, धन्याच्या डोळ्यांदेखत त्यांनी खेळावे. ज्या गृहस्थाचे वार्षिक उत्पन्न शंभर पौंड असे, त्याला मात्र आपल्या आवारात पाहुण्यांना व नोकरांना खेळण्याची मुभा देण्याचा अधिकार होता. खेळ तोच, तो गुन्हा की करमणूक, हे उत्पन्नाच्या आकड्यावर ठरे. एका खेळाची मात्र सर्वांना सक्ती होती, ती धनुर्विद्येची. सात वर्षांपासून पुढच्या प्रत्येक मुलाला बापाने धनुष्य आणि दोन बाण घेऊन द्यावेत असा हुकूम होता. तोफाबंदुकांचा जमाना सुरू झाला तरी राज्याला आपला रयतेचा तिरंदाज हवासा वाटत होता, आणि म्हणून प्रजेच्या फुरसतीवर त्याने लष्करी हक्क सांगितला.

त्या काळच्या समाजाचे वर्णन करणाऱ्या विल्यम हॅरिसन या पाद्रीने आपल्या देशबांधवांचे चार वर्ग सांगितले आहेत: कुलीन जेंटलमन, शहरांतील नागरिक, स्वतःची जमीन बाळगणारे मिरासदार शेतकरी, आणि शेवटी ज्यांना राज्यकारभारात कसलाही आवाज नाही असे मजूर व कारागीर. पण जेंटलमन कोणाला म्हणावे याचे त्याने केलेले विवेचन मला या चौकटीहून फार महत्त्वाचे वाटते. जो राज्याचे कायदे शिकतो, जो विद्यापीठात राहून ग्रंथाध्ययन करतो, आणि जो हातांनी श्रम न करता आपला निर्वाह इतमामाने चालवू शकतो, तो द्रव्य मोजून कुलचिन्हाची सनद मिळवितो आणि लोकांत जेंटलमन गणला जातो, असे हॅरिसन म्हणतो. म्हणजे कुलीनतेची खूणच मुळी फुरसत ही होती, आणि त्या फुरसतीच्या प्रदेशात जन्मावाचून शिरण्याचा एक मान्य मार्ग विद्या हा होता. एलिझाबेथच्या पंचेचाळीस वर्षांच्या राज्यात शाळांविषयी जी विलक्षण आस्था श्रीमंत व्यापाऱ्यांनी आणि मिरासदारांनी दाखविली, तिचे इंगित माझ्या मते येथे आहे. १५६१ साली लंडनच्या शिंप्यांच्या संघाने मर्चंट टेलर्स ही शाळा काढली. १५६७ साली लॉरेन्स शेरिफ या किराणा-मसाल्याच्या व्यापाऱ्याने रग्बीची शाळा स्थापली. १५७२ साली जॉन लायन या शेतकऱ्याने हॅरोच्या शाळेसाठी राणीची सनद मिळविली. पुढे सरदारपुत्रांच्या म्हणून जगभर गाजलेल्या या संस्था मुळात गावच्या मुलांसाठी होत्या, हे विसरता कामा नये.

अशा शाळेतला मुलगा कसा शिकत असे, ते जरा जवळून पाहू. चारपाच वर्षांचा असताना तो गावातल्या एखाद्या बाईकडे किंवा पाद्रीच्या मदतनिसाकडे अक्षरओळखीसाठी जाई. त्याच्या हातात दांडी असलेली एक लाकडी फळी असे. तिच्यावर मुळाक्षरे, काही जोडाक्षरे आणि येशूची प्रार्थना छापलेला कागद डकवून त्यावर शिंगाचा पातळ पारदर्शक पापुद्रा बसविलेला असे, म्हणजे मळकट बोटांनी कागद फाटू नये. हे हॉर्नबुक संपले की प्रश्नोत्तरांचे धर्मपुस्तक, आणि बहुतेकांचे शिक्षण तेथेच आटोपे. ज्याला पुढे जायचे असे तो सातव्या वर्षी ग्रामर स्कूलमध्ये, म्हणजे लॅटिन व्याकरणाच्या शाळेत दाखल होई. उन्हाळ्यात सकाळी सहाला, हिवाळ्यात सातला शाळा भरे आणि मधल्या भोजनाची सुट्टी वगळता सायंकाळी पाचपर्यंत चाले. आठवड्याचे सहा दिवस हा क्रम. एकाच लांब दालनात सारे वर्ग, एक मास्तर, त्याच्या हाताखाली एक दुय्यम, आणि लिली नावाच्या पंडिताचे लॅटिन व्याकरण, जे राजाज्ञेने सर्व शाळांना नेमून दिलेले होते. वरच्या वर्गांत इंग्रजीत बोलणे हा अपराध समजला जाई. सिसेरोचा उतारा इंग्रजीत करावा, मूळ बाजूला ठेवून काही वेळाने त्याचे पुन्हा लॅटिन करावे, आणि मग दोन्ही लॅटिने शेजारी ठेवून तपासावीत, ही अ‍ॅस्कमची शिफारस. टेरेन्स व प्लॉटस यांची नाटके पाठ करावीत, एकच विचार नाना प्रकारांनी मांडावा, एखाद्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू सारख्याच आवेशाने लढवाव्यात, ही सर्वसाधारण वहिवाट.

शिक्षण फुकट असे, पण ते लॅटिनपुरते. कागद, लेखणी, मेणबत्त्या यांचा खर्च घरचा. हॅरोच्या नियमांत तर धनुष्य, बाण व दोऱ्या पालकांनी पुरवाव्यात असे स्पष्ट लिहिले आहे. आणि खरा खर्च वेगळाच होता. सात वर्षांचा मुलगा शेतात पाखरे हाकू शकतो, दहा वर्षांचा नांगरामागे चालू शकतो. तो शाळेत बसला की त्याची मजुरी बुडते. हा हिशोब मजुराच्या घरी कधीच जमत नसे. त्या काळचे दस्तऐवज तपासून सह्या करणारे आणि केवळ खूण करणारे यांची गणती आधुनिक इतिहासकारांनी केली आहे. तीवरून एलिझाबेथच्या राज्याच्या अखेरीसही दहांतील सात पुरुषांना आणि दहांतील नऊ स्त्रियांना आपले नाव लिहिता येत नव्हते असे दिसते. सही करता न येणाऱ्यांपैकी काहींना छापील मजकूर वाचता येत असावा हे खरे, कारण वाचन आधी शिकवीत आणि लेखन मागाहून. पण दरी मोठी होती यात शंका नाही.

वाचता येण्याने प्रसंगी प्राणही वाचत. धर्मोपदेशकांना फाशीतून सूट देणारा एक मध्ययुगीन शिरस्ता त्या काळी वाचता येणाऱ्या कोणाही पुरुषाला लागू होई. पहिल्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याने बायबलातील एक ठरावीक स्तोत्र न्यायाधीशापुढे वाचून दाखविले की फाशीऐवजी अंगठ्यावर डाग देऊन त्याला सोडीत. १५९८ साली नाटककार बेन जॉन्सनने द्वंद्वात एका नटाला ठार केले, तेव्हा तो याच सवलतीने बचावला. त्याचा सावत्र बाप विटांचे बांधकाम करणारा गवंडी होता. त्याला वेस्टमिन्स्टरच्या शाळेत विल्यम कॅमडेनसारखा थोर इतिहासकार गुरू म्हणून लाभला नसता, तर इंग्रजी रंगभूमी एका समर्थ लेखकाला मुकली असती. स्त्रीला मात्र ही सूट नव्हती, मग ती कितीही वाचो.

स्त्रियांच्या बाबतीत या युगाचा विरोधाभास मनाला बोचतो. सिंहासनावर अशी स्त्री की, जिने १५९७ साली उर्मटपणे बोलणाऱ्या पोलंडच्या वकिलाला भर दरबारात आयत्या वेळी अस्खलित लॅटिनमध्ये फटकारले. सेसिलची पत्नी मिल्ड्रेड ग्रीक जाणणारी, तिची बहीण अ‍ॅन बेकन हिने लॅटिनमधील धर्मग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले. आणि बॅनबरीच्या शाळेचे १५९४ चे नियम सांगतात की नऊ वर्षांपुढील मुलीला शाळेत ठेवू नये. सरदारांच्या लेकींना घरी गुरू नेमले जात, बाकीच्यांना सुई आणि चूल. मर्चंट टेलर्सचा पहिला मुख्याध्यापक रिचर्ड मल्कास्टर याने १५८१ सालच्या आपल्या ग्रंथात मुलींच्या बुद्धीचा कैवार घेऊन त्यांना शिकविण्याचा आग्रह धरला; पण शाळा व विद्यापीठे त्यांना खुली करावीत, असे म्हणण्यापर्यंत तोही गेला नाही. फुटबॉलसारख्या त्या वेळच्या दांडगट खेळाचेही, खेळाडूंची संख्या बेताची ठेवून आणि वर एक शिक्षक नेमून, शरीरसंवर्धनासाठी समर्थन करणारा हा मनुष्य मला त्या शतकातील सर्वांत सहृदय शिक्षक वाटतो.

आणखी एक वर्ग विद्येच्या दाराबाहेर राहिला, तो कॅथलिक पंथीयांचा. शाळामास्तराला बिशपचा परवाना लागे, आणि १५८१ पासून ऑक्सफर्डमध्ये नाव दाखल करतानाच प्रॉटेस्टंट धर्मकलमांना मान्यता द्यावी लागे. अशा निर्बंधांमुळे त्याआधीपासूनच कित्येक बुद्धिमान तरुण देश सोडून युरोपातील कॅथलिक विद्यालयांकडे वळले. त्यांपैकी विल्टशरच्या एका तरुणाचे नाव मराठी वाचकाला परके नाही: १५७५ साली रोमला जेझुइट झालेला आणि १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास पोहोचलेला टॉमस स्टीफन्स, म्हणजेच ‘क्रिस्तपुराण’कर्ता फादर स्टीफन्स. एलिझाबेथच्या धर्मकायद्यांपायी इंग्लंडने एक विद्वान गमावला आणि मराठी ओवीला तो लाभला.

विद्यापीठांत गरिबाला शिरकाव होता, पण सेवेच्या मोबदल्यात. केंब्रिजमध्ये ‘सायझर’ म्हणून दाखल झालेला विद्यार्थी श्रीमंत सहाध्यायांना पंक्तीत वाढी आणि त्यांच्या उरल्यासुरल्यावर आपले भागवी. कवी एडमंड स्पेन्सर असाच शिकला. हॅरिसनने कळवळून तक्रार केली आहे की, गरिबांसाठी म्हणून पूर्वजांनी ठेवलेल्या शिष्यवृत्त्या श्रीमंतांची मुले वशिल्याने व लाच देऊन बळकावतात, आणि मिळाल्यावर फासेपत्त्यांत दिवस काढतात. जमीनदारांच्या मुलांना पदवीची गरज नव्हती. ती वर्ष-दोन वर्षे महाविद्यालयात काढून लंडनच्या कायद्याच्या वसतिगृहांत जात, तेथे थोडा कायदा, थोडे नृत्य, थोडी तलवारबाजी शिकत आणि नाताळात मोठ्या थाटाची नाटके करवीत. गरीब पदवीधरापुढे मात्र प्रश्न उभा राही. शाळांतून आणि विद्यापीठांतून जितके लॅटिनज्ञ बाहेर पडत, तितक्या नेमणुका चर्चमध्ये वा दरबारात नव्हत्या. कँटरबरीच्या जोडे शिवणाऱ्याचा मुलगा ख्रिस्तोफर मार्लो हा आर्चबिशप पार्करने ठेवलेल्या शिष्यवृत्तीवर केंब्रिजला शिकला. ती शिष्यवृत्ती धर्मोपदेशक घडावेत म्हणून होती. त्याने धर्मदीक्षा घेतली नाही. तो लंडनला जाऊन नाटके लिहू लागला.

आता ती पेनी. १५७६ साली जेम्स बर्बेज या मूळच्या सुताराने लंडनच्या वेशीबाहेर शोरडिच येथे ‘द थिएटर’ ही कायमची नाटकशाळा बांधली, आणि पुढे तशा अनेक झाल्या. दारावरच्या पेटीत एक पेनी टाकली की उघड्या आकाशाखालच्या अंगणात उभे राहून नाटक पाहता येई; दुसरी पेनी दिली की सज्जात बाक, तिसरी दिली की गादी. १५९९ साली आलेल्या टॉमस प्लाटर या स्विस प्रवाशाने ही पद्धत लिहून ठेवली आहे. लंडनच्या सुताराची वा गवंड्याची रोजची मजुरी तेव्हा बारा पेनीच्या आसपास होती, म्हणजे दिवसाच्या कमाईच्या बाराव्या भागात त्याला राजे, सेनापती, प्रणयी आणि भुते पाहावयास मिळत. पण खेळ दुपारी दोनच्या सुमारास सुरू होई, बहुधा कामाच्या दिवशी! कायद्याप्रमाणे ज्याने सात वाजेपर्यंत रंधा मारावयाचा, तो अंगणात उभा असे. आणि प्रवेशाच्या पेनीखेरीज गैरहजेरीच्या प्रत्येक तासाची पेनी त्याला कायद्याने वेगळी द्यावी लागली असती. लंडनच्या लॉर्ड मेयरने प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे राणीच्या सल्लागार मंडळाकडे, वारंवार जे अर्ज केले, त्यांत साथीची भीती होती, अनीतीची चिंता होती, पण ‘उमेदवार व नोकर काम सोडून नाटकाला जातात’ हा तगादाही सतत होता. यावर कौन्सिलचे उत्तर असे की, नाताळात राणीसाहेबांपुढे खेळ करावयाचा तर नटांना सराव हवा, म्हणून त्यांना खेळू द्यावे. सामान्यांच्या करमणुकीला अशा रीतीने राणीच्या करमणुकीचे छत्र मिळाले. तेच छत्र अस्वलांवर कुत्रे सोडण्याच्या क्रूर खेळालाही होते; रविवारी तो बंद करण्यासाठी पार्लमेंटने संमत केलेल्या विधेयकाला राणीने मंजुरी नाकारली, हा तिच्या कीर्तीला लागलेला बट्टाच म्हटला पाहिजे.

ज्यांच्या नाटकांनी हे अंगण भरत होते ते कोण होते? जोडे शिवणाऱ्याचा मुलगा मार्लो, गवंड्याचा सावत्र मुलगा जॉन्सन, आणि स्ट्रॅटफर्डच्या हातमोजे शिवणाऱ्याचा मुलगा शेक्सपिअर, ज्याचा बाप आपल्या नावाऐवजी खूण करीत असे. स्ट्रॅटफर्डच्या शाळेचा मास्तर वर्षाला वीस पौंड वेतनाचा, म्हणजे चांगल्या तोलाचा होता, आणि शेक्सपिअर तेथेच शिकला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. प्रश्नाच्या दोन्ही बाजू सारख्याच आवेशाने मांडण्याची जी सवय शाळेने लावली, तिने पुढे रंगभूमीवर खलनायकालाही आपला पक्ष मांडावयास वाणी दिली. प्लॉटसचे पाठ केलेले प्रहसन ‘कॉमेडी ऑफ एरर्स’ होऊन १५९४ च्या नाताळात ग्रेज इन या वसतिगृहात कायद्याच्या विद्यार्थ्यांपुढे आले. चर्च आणि कचेरी यांच्यासाठी घडविलेली विद्या तेथे मावली नाही, ती नाटकशाळेत आली, आणि ज्यांना शाळेचे दार कधी उघडले नव्हते त्यांना तिचा लाभ एका पेनीत झाला. १५९६ साली जॉन शेक्सपिअरला कुलचिन्ह मिळाले आणि हातमोजे शिवणाऱ्याचे घर जेंटलमनचे झाले.

या देवघेवीत कारागिरांनी काही गमावलेही. १५७५ च्या जुलैत राणी लेस्टरच्या अर्लची पाहुणी म्हणून केनिलवर्थला एकोणीस दिवस राहिली, तेव्हा जवळच्या कॉव्हेंट्री नगरातील लोक आपले जुने युद्धनाट्य घेऊन तिच्यापुढे आले. काही उपदेशकांनी ते बंद पाडले होते, ते पुन्हा चालू करण्याची परवानगी त्यांना हवी होती. त्यांचा म्होरक्या कॅप्टन कॉक्स हा पेशाने गवंडी. या सोहळ्याचे वर्णन करणाऱ्या, लँगहॅम याच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या पत्रात या गवंड्याच्या ग्रंथसंग्रहाची यादीच आहे: राजा आर्थरची कथा, रॉबिन हुड, बेव्हिस ऑफ हॅम्प्टन, पंचांगे, आणि चर्मपत्रात गुंडाळून चाबकाच्या दोरीने बांधलेला जुन्या पोवाड्यांचा गठ्ठा. लॅटिन व्याकरणाच्या शाळेशी या विद्येचा संबंध नव्हता, पण ती विद्याच होती, आणि तिचा धनी दिवसभर दगड घडवीत होता. राणीने खेळ पुन्हा करवून पाहिला, दोन हरणे आणि पाच मार्क बक्षीस दिले, आणि कॉव्हेंट्रीचे लोक हर्षभरित होऊन परतले. परंतु त्याच नगरात कारागिरांचे संघ पिढ्यान्‌पिढ्या चाकांच्या मंचांवरून बायबलातील प्रसंगांची जी नाटके करीत आले होते, ती १५७९ साली अखेरची झाली. त्या नाटकांत शिंपी, लोहार, विणकर स्वतः हेरोद आणि देवदूत होत, पोशाख स्वतः शिवीत, खर्च संघाच्या दप्तरात मांडीत, आणि पाहणाऱ्याला पेटीत काही टाकावे लागत नसे. बर्बेजच्या नाटकशाळेने त्यांना फार मोठे काव्य ऐकविले, पण तेथे त्यांची जागा अंगणात होती; मंचावर धंदेवाईक नट उभे होते.